उंडीपासून एकोणीस पावलं

आमची वाडी आणि तेल्यांचं कब्रस्तान यांच्यामध्ये एकच गडगा होता. कमरेएवढा, चुना न लावता नुसते दगडावर दगड ठेवून रचलेला. त्याच्यावर आई सुकट वाळत घालायची आणि कावळे हाकलायला मला बसवायची. अलीकडे आमचे माड, पलीकडे कबरी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घराशेजारी असं काहीतरी असतं.

तेली म्हणजे शनिवार तेली. धर्माने इस्रायली, म्हणजे ज्यू, बोलायला आमच्यासारखेच. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. मुरुडच्या अलीकडे समुद्राला लागून आमचं गाव आहे, तिथे एकेकाळी त्यांची पंधरा-वीस घरं होती म्हणतात. मी जन्मले तोपर्यंत घाणे गेले होते आणि माणसंही गेली होती, आधी मुंबईला, मग तिकडे त्यांच्या देशात. मी पाहिलं ते एकच घर आणि त्यात एकटी राहणारी एक म्हातारी. नवरा गेलेला, मुलगी लग्न करून इस्रायलला. तिला अख्खं गाव तेलीणबाय म्हणायचं. ती हसायची. "तेल तर मीसुद्धा वाण्याकडूनच आणते. पण नाव चिकटलं ते चिकटलं."

हे मी कच्छमधून लिहितेय. माझे यजमान उरणकडचे, ट्रेलर चालवतात. तिथल्या बंदरावरचं काम कमी झालं तेव्हा आम्ही इथल्या बंदरावर आलो, त्याला आता सोळा वर्षं झाली. इथे मी आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांसाठी खाणावळ चालवते. समुद्र इथेही आहे, पण माड नाहीत, आणि जमीन पायाखाली मिठासारखी कुरकुरते. शिक्षण माझं सहावी. त्यामुळे लिहिताना कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. लिहायला शिकले तेही अर्धं शाळेत आणि अर्धं कबरींवर, तेच आधी सांगते.

सहावीनंतर शाळा सुटली त्यात कुणाचा दोष नव्हता. हायस्कूल एसटीने जायच्या अंतरावर, आईला दम्याचा त्रास, आणि दादा दहावीला. घरात कुणीतरी हवं होतं. मास्तर एकदा घरी येऊन वडिलांशी बोलून गेले, चहा पिऊन गेले, आणि विषय मिटला. मी रडले नाही. पण गडग्यावर बसून सुकट राखताना दादाचं मराठीचं पुस्तक मांडीवर धरायचे, ते तेलीणबायने पाहिलं.

"वाचता येतं गो तुला?"

"येतं."

"मग ये इकडं. हे वाच."

तिने मला गडग्यावरून पलीकडे उतरवून घेतलं आणि एका दगडासमोर उभं केलं. वर अनोळखी अक्षरं होती, चौकोनी, खिडक्यांसारखी. खाली मराठी. काळा रंग उडालेला, नुसत्या खाचा राहिलेल्या. मी बोट फिरवत वाचलं. एक नाव, आणि त्याच्यापुढे 'पेन्शनर'.

"हे यांचं आडनाव?" मी विचारलं.

ती इतकी हसली की तिला कबरीच्या कट्ट्यावर टेकावं लागलं. "व्हय, आडनावच समज. आमच्यात तेच मोठं आडनाव."

दरवर्षी पाऊस सरता सरता त्यांचा नव्याचा सण, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, यायचा, मग दारफाळणीचा. दारफाळणी म्हणजे दारं लावून घेऊन दिवसभर कडक उपास. त्याच्याआधी कबरी साफ करायच्या, अक्षरांत रंग भरायचा, हे तिच्या घराकडे आलेलं काम होतं. वय झालं, डोळे गेले, म्हणून तिने मला धरलं. काळ्या रंगाचा छोटा डबा आणि काडीला कापूस गुंडाळून केलेला ब्रश. मराठी अक्षरं मला येत होती. वरची येत नव्हती, तर ती म्हणाली, "येण्याची गरज न्हाय. खाचेच्या बाहेर जाऊ नको, एवढंच. आणि उजवीकडून ये. आमची अक्षरं मुरुडकडून येतात, तुमची अलिबागकडून."

खरंच तसं होतं. दगड सगळे समुद्राकडे तोंड करून. त्यांच्यासमोर उभं राहिलं की उजव्या हाताला मुरुड, डाव्या हाताला अलिबाग. आजही मला दिशा कळत नसली की मी मनात एका दगडासमोर उभी राहते.

रंगवता रंगवता ती सांगायची. सगळ्यांत जुने ते समुद्राच्या बाजूचे, नुसते काळे धोंडे, अक्षर नाही काही नाही. त्यांच्या वाडवडिलांचं तारू फुटून जी माणसं वाचली, त्यांच्या पोरानातवांचे ते धोंडे, असं ती म्हणायची. मग म्हणायची, "मी काय बघायला गेले नव्हते." त्याच्यानंतरचे दगड घडवलेले, पण फक्त त्यांच्या लिपीतले. त्यानंतर खाली मराठी आली. एक सुभेदार होता. एक शाळामास्तर होता, त्याच्या दगडावर विद्यार्थ्यांनी खर्च केल्याचं कोरलेलं. एक बाई होती जिच्या नावापुढे फक्त 'सुईण' एवढंच. तेलीणबाय म्हणायची, "हिनंच मला जगात आणलं, आणि हिच्या नावात मीच रंग भरते." सगळ्यांत शेवटचा दगड तिच्या नवऱ्याचा. अलिबागहून घडवून आणलेला, गुळगुळीत, आणि त्याच्याभोवती काळ्या दगडांचा कट्टा.

पण निम्म्याहून जास्त कबरींना दगडच नव्हता. कुणाला जमलं नसेल, कुणाचा फुटला असेल, कुणाचा गवतात बसून जमिनीत गेला असेल. त्या ओळखायच्या कशा? तर पावलांनी.

फाटकाशी उंडीचं मोठं झाड आहे. पूर्वी उंडीच्या बियांचं तेल काढायचे, दिव्याला, होडीला, तर ते झाड म्हणजे तेल्यांचंच. त्या उंडीला पाठ टेकवून उभं राहायचं, समुद्राचा आवाज डाव्या कानात यायला हवा. मग नाकासमोर चालायचं. पाच पावलं आणि समुद्राकडे तीन, सुईणबाई. नऊ आणि समुद्राकडे एक, देवीच्या साथीत गेलेली दोघं भावंडं. असं सगळं, दगड असलेल्यांचंही. तिच्या सासूने तिला शिकवलेलं, सासूला तिच्या सासूने. लिहून कुणी ठेवलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "कागद वाळवी खाते. पाय कोण खातंय?"

माझ्यासाठी तिने एक गोष्ट केली. तिच्या पावलांचे आकडे मला दिले नाहीत. मला प्रत्येक ठिकाणी स्वतः चालायला लावलं आणि माझे आकडे मला पाठ करायला लावले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. का ते विचारलं नाही. मला ती वाडीतला खेळ वाटायची, आणि मी तिच्या पुढे-पुढे पळत आकडे म्हणायचे.

तिच्या नवऱ्याचा आकडा एकोणीस आणि समुद्राकडे सहा. त्याला दगड होता, पण त्याच्याशेजारी, तिथून उंडीकडे दोन पावलं, काहीच नव्हतं. साधं गवत. तिथे ती दरवेळी थांबायची. वाळूतून आणलेला पांढरा खडा ठेवायची आणि पुढच्या कबरीकडे जायची. त्यांच्यात कबरीवर फुलापेक्षा खडाच ठेवतात. एके दिवशी बोलली.

"हा माझा पहिला. नऊ दिवसांचा होता. आठव्या दिवशी नाव ठेवलं, नवव्या दिवशी गेला. एवढ्याशा पोराला दगड कशाला, म्हणाले सगळे. मी पण म्हटलं, कशाला."

मग माझा हात धरून म्हणाली, "बाकीचे विसरलीस तरी चालेल. ह्याला विसरू नको. ह्याला दगड न्हाय."

मी म्हटलं, नाही विसरणार. अकरा वर्षांच्या पोरीला त्यात काय.

दोन वर्षांनी मुलगी येऊन तिला घेऊन गेली. एसटीत चढताना तिने वडिलांना हात जोडले आणि म्हणाली, "भाऊ, आमची माणसं तुमच्या वाडीला लागून झोपलीत. लक्ष असू द्या." वडील म्हणाले, "आमचीच आहेत." वडील होते तोपर्यंत ते खरं होतं. दरवर्षी पाऊस सरला की ते कोयता घेऊन जायचे, मी रंग घेऊन. माझं लग्न झालं आणि रंग थांबला. वडील गेले आणि कोयताही थांबला. मुंबईहून त्यांच्या समाजाचं कुणीतरी वर्षातून एकदा यायचं, त्यांचंही वय झालं.

आता दादाबद्दल. हे लिहायला मला जड जातंय, कारण मी त्याची देणेकरी आहे, आणि पैशाची नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात माहेरी असताना रक्त थांबेना. गाडी नव्हती. दादाने मासळीचा टेम्पो अडवला, बर्फाच्या पेट्या स्वतः खाली उतरवल्या, मला त्यात घातलं आणि अलिबागला नेलं. रक्त हवं म्हणाले तर शर्टाची बाही वर करून उभा राहिला. माझ्या अंगात त्याचं रक्त आहे, हे मी म्हणायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरंच आहे. माझा मुलगा आज आयटीआयला जातो तो दादामुळे. मी इथे रोज सकाळी गॅस पेटवताना ज्यांची नावं घेते त्यात तो आहे.

आणि मी घाबरट आहे हेही सांगते. ट्रेलर उशिरा आला की घाबरते, फोन वाजला की घाबरते, रात्री कुकर बंद केला का ते दोनदा उठून बघते. ज्याची भीती बाळगायला हवी होती त्याची मात्र कधी बाळगली नाही.

तीन वर्षांपूर्वी दादाचा फोन आला. त्याने वाडीत दोन खोल्या बांधल्या होत्या, पाहुण्यांसाठी. पुण्या-मुंबईची माणसं शनिवार-रविवार येतात, माशाचं जेवण, झोपाळे, तसलं. म्हणाला, "अगो, तेल्यांचं कब्रस्तान साफ करून घेतो. दगड पडलेत, उभे करतो. रंगवतो. लाज वाटते पाहुण्यांसमोर."

मला भरून आलं. म्हटलं, "कर रे दादा. पुण्याचं काम आहे. तेलीणबाय आशीर्वाद देईल."

महिन्याभराने त्याने फोटो पाठवला. सगळे दगड उभे, पांढरेशुभ्र, अक्षरं काळी कुळकुळीत, एका रांगेत. मागे नवी भिंत. मी तो फोटो खाणावळीत सगळ्यांना दाखवला. "बघा, माझा भाऊ." एक अलिबागचा ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, मेल्यावर आपल्यालापण असं झकास ठेवतील का कोण?" सगळे हसले, मीपण. मी तो फोटो तेलीणबायच्या मुलीलाही पाठवला. तेलीणबाय तोवर तिकडेच वारली होती. मुलगी मला सणावाराला मेसेज करायची. मी तिला बोलून पाठवलं: "ताई, सगळं नीट आहे. काळजी करू नका. माझा भाऊ बघतो."

एका रांगेत. हे दोन शब्द माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते वाचले नाहीत. कबरी कधी एका रांगेत होत्या?

गेल्या हिवाळ्यात ताईंचा मेसेज आला की त्या येताहेत. वय सत्तरीला आलंय, पुन्हा येणं होईल असं वाटत नाही. आईने मरताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. बाबांच्या कबरीवर खडा ठेव. आणि बाळाला दगड लाव, एवढं राहिलं माझ्याकडून. "आईला जागा सांगता येईना. ती सारखी म्हणायची, तिकडं गडग्यापलीकडची पोरगी आहे, तिला माहिती आहे. ती पोरगी म्हणजे तूच ना गं?"

मी म्हटलं, "मीच." आणि लगेच दादाला फोन लावला, की ताई येताहेत, त्यांची सोय कर. खूश होऊन लावला होता.

दादाने आधी कधी येणार ते विचारलं. मग म्हणाला, "येऊ दे की. पण तू एक कर. तुला विचारतील. तू एवढंच सांग, दगड जिथं हाय तिथंच खाली माणूस हाय."

"म्हणजे? नाहीये का?"

"अगो, गाड्या आत कशा येणार? फाटकाकडच्या बाजूला आठ-नऊ दगड मध्ये होते. ते उचलून भिंतीला लावले. फोडला एक न्हाय. कुणाचं हाड हलवलं न्हाय. वरून मुरूम टाकला, ब्लॉक बसवले. एवढंच."

माझ्या हातात पीठ होतं, ते फोनला लागलं, एवढं आठवतं.

"आणि बाकीच्या जागेला तर दगडच नव्हता," तो म्हणाला. "मोकळंच होतं सगळं."

"दादा, मोकळं नव्हतं. बाळ आहे तिथे."

"कुठलं बाळ?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. तो गडग्याच्या अलीकडे अभ्यास करत होता, मी पलीकडे पावलं मोजत होते. चाळीस वर्षं शेजारी राहून त्याला वाटत होतं की दगड म्हणजेच कबर. दगड सांभाळला की कबर सांभाळली. इथवर मी त्याला माफ केलं असतं, चूक कुणाकडूनही होते. पण तो पुढे बोलला.

"हे बघ. ती बाई येणार, रडणार, फुलं ठेवणार, जाणार. तिला कुठं खणून बघायचंय? भिंतीचा तिसरा दगड तिच्या बापाचा, तू त्याच्याकडं बोट दाखव. आणि बाळाची काय ती जागा, भिंतीशी कुठंही सांग. तिला समाधान, आपल्याला शांतता. तुझ्या शब्दावर विश्वास हाय तिचा."

म्हणजे त्याला मी हवी होते ती एवढ्यासाठी. माझा शब्द चालतो म्हणून. मला वाटलं, माझ्याच हातातला ब्रश घेऊन तो मला खाचेच्या बाहेर रंगवायला लावतोय.

"मी असं नाही सांगणार," मी म्हटलं.

"बघ बाबा. मी तुझ्यासाठी काय केलं ते मी कधी काढलं न्हाय."

आणि त्या वाक्यात त्याने ते काढलंच.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. यजमान म्हणाले, "तू इथं हजार किलोमीटरवर. बोल व्हय आणि सोड. भाऊ एकच आहे तुला." तेही खरं होतं. मी सरावासाठी खाणावळीमागे मोकळ्या जागेत जाऊन खोटं बोलून बघितलं. ताई, तिसरा दगड. ताई, भिंतीजवळ. तोंडातून बाहेर येत होतं व्यवस्थित. त्याचीच जास्त भीती वाटली.

ताई आल्या त्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या घाईत व्हिडिओ कॉल आला. फोन दादाच्या बायकोच्या, माझ्या वहिनीच्या हातात, सगळे कब्रस्तानात. ताई मी कल्पिल्यापेक्षा लहानखुऱ्या, डोक्याला रुमाल, पायात जाड बूट. आणि बोलल्या तर हुबेहूब तेलीणबाय.

"गो पोरी, कच्छमध्ये काय करतेस तू? आम्ही एवढ्या लांब गेलो, आणि तूपण गेलीस?"

मागे दादा उभा होता, हात मागे बांधून. स्वच्छ सदरा घातला होता. मी पोह्याची कढई उतरवली, गॅस बंद केला, आणि म्हटलं, "ताई, आधी माझं ऐका. मी तुम्हाला फोटो पाठवला होता, सगळं नीट आहे म्हटलं होतं. ते नीट नाहीये. फाटकाकडचे दगड जागेवरून हलवलेत. मला माहीत नव्हतं. पण मी न बघता सांगितलं."

दादाने मान फिरवली. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, फोनकडेच पाहत राहिल्या.

"बाळ सापडेल का?" एवढंच विचारलं.

मी वहिनीला सांगितलं, उंडीला पाठ टेक. उंडी अजून उभी होती, गाड्यांना सावली हवी म्हणून ठेवलेली. समुद्र डाव्या कानात. चाल एकोणीस. वहिनी मोजत गेली आणि थांबली ती पलीकडच्या टोकाच्या विहिरीच्या कट्ट्याशी. विहीर तर खूप पुढे. तेलीणबायच्या नवऱ्याच्या कबरीवर उभं राहून आम्ही विहीर बघायचो, विहिरीला टेकायचो नाही. मला वाटलं, संपलं. तीस वर्षांत आकडा मनातल्या मनात बदलला असणार. कागदावर नव्हता ना.

"आकडा चुकला असेल तर सोडून दे," दादा मागून म्हणाला. आवाज मऊ होता त्याचा. त्या मऊपणाचाच मला राग आला.

आणि तेव्हा मला कळलं की तो आकडा माझा आहे. वहिनीचा नाही, आत्ताच्या माझाही नाही. अकरा वर्षांच्या पोरीचा.

"वहिनी, चिमणी कुठाय?" चिमणी म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी. घरात सगळे तिला तेच म्हणतात. दहा संपून अकरावं लागलेलं.

ती युनिफॉर्ममध्येच आली, दोन वेण्या, दप्तर पाठीवर. "काय गं आत्या?"

"दप्तर ठेव. उंडीला पाठ टेकव. समुद्र कुठल्या कानात?"

"डाव्या."

"चाल. उड्या नको, शाळेत जाताना चालतेस तशी चाल. मोठ्याने मोज."

ती मोजत गेली. एकोणीसला थांबली. "आता समुद्राकडं वळ. सहा." ती सहा चालली. "आता उंडीकडे वळ. दोन." एक पाऊल टाकलं आणि थांबली.

"आत्या, दुसरं टाकता येत न्हाय. इथं गाडी हाय."

पांढरी गाडी होती, पाहुण्यांची. पुढचं चाक बरोबर तिथे, जिथे तेलीणबाय खडा ठेवायची.

गाडीवाले गृहस्थ बर्म्युडा घालून, हातात चहाचा कप घेऊन आले. "अहो, पार्किंग इथेच सांगितलं होतं मला." त्यांनी एकेकाचं तोंड पाहिलं, चहा गडग्यावर ठेवला, चावी आणली आणि गाडी मुकाट्याने बाहेर रस्त्यावर नेऊन लावली. परत येऊन चप्पल काढून उभे राहिले. परक्या माणसाला जे कळलं ते, जाऊ दे.

ब्लॉक दादानेच उचलले. गड्याला बोलवा म्हणाली वहिनी, तर नको म्हणाला. पहार घेऊन आधी सहा पावलांवरचे काढले. खाली मुरूम, मुरुमाखाली काळ्या दगडाचा कट्टा निघाला, चारही बाजू जागच्या जागी. तेलीणबायच्या नवऱ्याचा. चिमणीची पावलं बरोबर होती. मग दोन पावलं अलीकडचे ब्लॉक काढले. तिथे काहीच निघालं नाही. निघणार नव्हतंच, दगड कधी नव्हताच तिथे. नुसती लाल माती.

ताईंनी बाबांच्या कट्ट्यावर खडा ठेवला, मग त्या मातीशी गुडघे टेकून बसल्या. पिशवीतून त्यांनी एक छोटा दगड काढला, विटेएवढा, वर एकच नाव. त्यांच्या लिपीत आणि खाली मराठीत. ते नाव इथे लिहीत नाही. एक दिवस वापरलं गेलेलं नाव आहे. त्यांनी दगड मातीत बसवला आणि मला म्हणाल्या, "बघ, नीट आहे ना?" मी पोह्यांच्या वासात उभी राहून हो म्हटलं. दादा पहार टेकवून बाजूला उभा होता. मी त्याला हाक मारली. त्याने ऐकली. फोन वहिनीच्या हातातून घेतला, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि कॉल बंद केला.

तेव्हापासून त्याचा फोन नाही. राखी पोस्टाने पाठवली, पोचल्याचं कळलं नाही. वहिनी सांगते की तो म्हणतो, परक्या बाईसमोर माझी इज्जत काढली. बाकीचे ब्लॉक तसेच आहेत, गाड्या तिथेच लागतात, फक्त त्या दोन जागांभोवती त्याने काळे दगड लावून घेतले. भिंतीला लावलेले आठ दगड, त्यात तेलीणबायच्या नवऱ्याचाही, अजून भिंतीलाच आहेत. मुंबईला त्या समाजाच्या लोकांना मी वहिनीकरवी कळवलं आहे. ते येऊ म्हणालेत.

ते येईपर्यंत मी वाट बघत नाही. दादा पाहुण्यांसाठी मासळी आणायला मुरुडला गेला की चिमणी वहिनीच्या फोनवरून मला लावते. एका वेळी एकच कबर. सुईणबाई झाली, दोघं भावंडं झाली, शाळामास्तर झाला. पाऊल थांबलं की ती तिथे माडाच्या झावळीच्या दांड्याची खुंटी ठोकते, ब्लॉक असले तर खडूने खूण करते. चौदा झाल्यात, अजून वीस-बावीस आहेत. मला घाई आहे. परवा ती म्हणाली, "आत्या, माझा युनिफॉर्म आखूड झाला." पाय लांबले की आकडे गेले. मी म्हटलं, उद्या दोन करू.

दादाने खुंट्या पाहिल्या आहेत. वहिनी म्हणते, गवत काढताना तो त्यांना वळसा घालतो. एकही उपटली नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे, आणि हे त्याला सांगायला मला फोन लावता येत नाही.